नावाजलेल्या हॉटेलात जेवण फसलं, तर

मुलुंडहून एक वाचक लिहितात:

‘जुलैमध्ये सासऱ्यांना ७५ वर्षं पूर्ण झाली. शनिवारी रात्री साडेनऊचं बुकिंग करून आम्ही पाच जण लोअर परळच्या एका अतिशय नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये गेलो. महिनाभर त्याचे व्हिडिओ बघत होतो. छोट्या प्लेट्समध्ये तीन-तीनच नग आले, ते पाच जणांत वाटायचे कसे? सासूबाईंचा चातुर्मास असतो. कांदा-लसूण नको असं तिथे गेल्यावर सांगितलं, तर त्यांना मशरूमचा रिसोटो मिळाला, पाणचट आणि दाणा मधे कच्चा. सासऱ्यांचा नारळाच्या रश्श्यातला रावस कडेने गरम आणि मधे गार होता. लहानपणापासून मासे खाणारे ते, म्हणाले की हा रावसच नाही. यांच्या मटणाचा सॉस खारट. स्टार्टर आणि मेन कोर्समध्ये ५० मिनिटं गेली. वेटरने विचारलं तेव्हा सगळ्यांनी “छान होतं” म्हटलं, १९,७३५ रुपये भरले आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी मेसेज केला, तर उत्तर आलं की पुढच्या भेटीत एक डेझर्ट आमच्यातर्फे. हे म्हणतात सोडून दे, अशा ठिकाणी तक्रार केली की आपणच गावंढळ ठरतो. आम्हालाच त्यातलं कळत नाही का? पैसे मागता येतात का? आणि अशी जागा निवडायची तरी कशी? बिलाचा फोटो सोबत जोडला आहे.’

ताई,

आधी जिभेचा प्रश्न मिटवू. मासा मधे गार आहे, भाताचा दाणा कच्चा आहे, सॉस खारट आहे हे कळायला परदेशी शिकून यावं लागत नाही. या तीनही गोष्टी आणि ती ५० मिनिटं या स्वयंपाकघराच्या चुका आहेत, आणि तिथल्या शेफने ती ताटं चाखली असती तर त्यानेही हेच म्हटलं असतं. तुमच्याकडून राहिलं ते एकच. वेटरने विचारल्यावर खरं सांगायचं राहिलं. ताट टेबलावर असतं तोवर त्या चुकीवर हॉटेलला काही करता येतं: दुसरं आणता येतं, बिलातून काढता येतं, निदान तपासता येतं. ताट उचललं, बिल भरलं, की तोच दोष नुसतं तुमचं म्हणणं होऊन बसतो. म्हणूनच तुम्हाला डेझर्टचं गाजर मिळालं.

आता एकेका पदार्थाचं काय झालं ते पाहू, कारण दोष कुठून आला हे कळलं की काय मागायचं तेही कळतं.

गार मासा तीन प्रकारचा असतो. सगळा तुकडा सारखाच कोमट आणि रश्श्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा आला असेल, तर ताट वेळेवर तयार झालं होतं, पण ताटं बाहेर द्यायच्या कट्ट्यावर, ज्याला तिथे ‘पास’ म्हणतात, बाकीच्या चार ताटांची वाट बघत राहिलं. दीडशे ग्रॅमचा तुकडा गरम न केलेल्या प्लेटवर, एसीत, पाच-सहा मिनिटांत कोमट होतो. प्लेट चटका देणारी पण मासा कोमट आणि कडा सुकलेल्या असतील, तर तो ताटं गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली राहिलाय किंवा पुन्हा गरम केलाय. तुमच्यासारखं कडेने गरम आणि मधे गार असेल, तर तुकडा थेट फ्रीजमधून किंवा पुरता न सुटलेल्या बर्फातून तव्यावर गेला. गोठवलेला मासा ५ अंशांच्या आत रात्रभर, निदान दहा-बारा तास, हळूहळू सुटू द्यावा लागतो. शनिवारी अंदाजापेक्षा जास्त ऑर्डरी आल्या की त्या दिवसासाठी सोडवलेला साठा संपतो आणि पुढचे तुकडे घाईने पाण्याखाली धरले जातात. बाहेरून मऊ लागतात, आत बर्फ तसाच. माशाचं मांस ५५ ते ६० अंशांच्या आसपास शिजतं आणि त्यापुढे पाणी सोडून कोरडं पडू लागतं. त्यामुळे आत शिजेपर्यंत थांबलं तर बाहेरचा भाग चोथा होतो. हे माहीत असल्याने स्वयंपाकी लवकर उतरवतो.

आणि जुलैमध्ये मासा गोठवलेला असण्याची शक्यता दाट. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे जुलैत मुंबईत बर्फातला मासा तिकडूनही येतो. बाकी बराचसा साठवणीतला. साठवणीतला मासा वाईट असतो असं नाही, नीट गोठवला आणि नीट सोडवला तर तो चांगला लागतो. पण पावसाळ्यात मेनूकार्डावर ‘आजचा ताजा’ लिहिलं असेल तर ‘कुठून आलाय, कधी आलाय’ हे विचारायला मुळीच संकोचू नका.

म्हणूनच तेव्हा ‘दुसरा तुकडा द्या’ म्हणणं फारसं कामाचं नव्हतं. दुसरा तुकडाही त्याच साठ्यातून, त्याच घाईत आला असता. ‘हा परत न्या, बिलातून काढा, त्याऐवजी अमुक द्या’ हे बरोबर ठरलं असतं. उलट मासा पासवर थांबून गार झाला असता, तर नव्याने केलेलं ताट दहा-बारा मिनिटांत उत्तम आलं असतं. रश्श्याची भाजी किंवा सूप गार असेल तर गरम करून मागावं. तव्यावरचा मासा किंवा कोळंबी गरम करून कधीच मागू नये, दुसऱ्यांदा आचेवर गेली की ती रबर होते.

रावस की दुसरं काही? आता सांगता येणार नाही, आणि कोणावर आरोपही करता येणार नाही. पण सासऱ्यांची शंका हसण्यावारी नेऊ नका. काटे न लागणारा, पांढराफटक, मऊ आणि स्वतःची चव नसलेला बासा नावाचा मासा स्वस्त पडतो, आणि गडद रश्श्यात तो कुठल्याही नावाने खपून जाऊ शकतो. रावसाचं मांस किंचित गुलाबीसर असतं आणि शिजल्यावर त्याचे जाड, ठळक पदर सुटतात. बासा पिठूळ तुटतो. पुढच्या वेळी ऑर्डर देतानाच ‘कातडीसकट द्या’ म्हणा. बासाला खवलेच नसतात, रावसाला असतात. खवले काढलेल्या कातडीवरही त्यांच्या जागेची नक्षी दिसते. ‘शिजवण्याआधी मासा दाखवाल का?’ असंही विचारता येतं, मासळीच्या चांगल्या हॉटेलात हे रोज होतं. कार्डावर एक मासा लिहून दुसरा देणं ही चवीची गोष्ट राहत नाही, ती फसवणूक आहे. तशी शंका आली तर उरलेला तुकडा ताटात ठेवूनच मॅनेजरला बोलवायचं.

सासूबाईंच्या रिसोटोचं आम्हाला सगळ्यात वाईट वाटतं, कारण तो टाळता आला असता. हॉटेलात रिसोटो, म्हणजे इटालियन पद्धतीचा दाटसर भात, ऑर्डर आल्यावर पहिल्यापासून शिजवत नाहीत. या तांदळाला १६ ते १८ मिनिटं ढवळत शिजवावं लागतं, शनिवारी ते शक्य नसतं. म्हणून दुपारीच कांदा परतून, तांदूळ दोनतृतीयांश शिजवून, परातीत पसरून गार करतात आणि ऑर्डर आली की पाच-सात मिनिटांत उकळता स्टॉक, म्हणजे भाज्या किंवा हाडं उकळून काढलेलं पाणी, घालून पुरा करतात. त्या तयार तांदळातही कांदा, स्टॉकमध्येही कांदा आणि बहुतेकदा लसूण. सासूबाईंसाठी दोन्ही बाद झाले. मग कुणीतरी कोरडे तांदूळ घेऊन, नुसत्या पाण्यात, गर्दीच्या वेळी घाईघाईने शिजवले असणार. म्हणून पाणचट, आणि म्हणून दाणा कच्चा.

इथे एक फरक लक्षात ठेवा. रिसोटोचा दाणा आपल्या वरण-भातासारखा मऊ नसतो, दाताला किंचित लागला पाहिजे. तेवढ्यावरून तक्रार होत नाही. पण चावल्यावर मधे खडूसारखा पांढरा ठिपका दिसला, तर तो कच्चाच. दुसरी खूण अशी की प्लेट खालून हलकेच थोपटली तर नीट झालेला रिसोटो लाटेसारखा पसरतो. ढेकूळ तसंच उभं राहिलं तर तो करून ठेवलेला आहे, आणि भोवती पाणी सुटलं तर स्टॉक तांदळात मुरलेलाच नाही.

चातुर्मास असो, उपास असो, कांदा-लसणाचा नियम हॉटेलला टेबलावर बसल्यावर सांगायचा नाही. एक-दोन दिवस आधी फोनवर सांगायचा, आणि शब्द नेमके वापरायचे. मुंबईच्या स्वयंपाकघरात ‘जैन’ हा शब्द सगळ्यांना पाठ आहे, पण तो म्हटला की बटाटा, गाजर, बीट सगळंच जातं आणि उरतं ते फारच थोडं. तेव्हा ‘जैन नाही, फक्त कांदा-लसूण नको, कंद चालतात’ असं सांगा. मशरूम चालतं का, अंडं चालतं का हेही. मग ‘त्या दिवशी कांदा-लसणाशिवाय मुळातच बनणारे दोन पदार्थ कोणते?’ एवढा एकच प्रश्न विचारा. काढून टाकून केलेला पदार्थ नको, मुळात तसाच असलेला हवा. अशा फोनवर समोरचा माणूस ‘शेफला विचारून कळवतो’ म्हणाला आणि खरोखर कळवलं, तर ती जागा बरी समजा. सासूबाई कडक शाकाहारी असतील तर चीजचंही विचारून ठेवा. अस्सल इटालियन पार्मेजानोमध्ये दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरलेलं असतं. आपल्याकडे बनणाऱ्या बहुतेक चीजमध्ये ते नसतं.

खारट सॉसचं कारण बहुधा साडेनऊच्या वेळेतच आहे. मटणाचा असा दाट सॉस चार लिटर स्टॉक आटवून एक लिटर करतात. मीठ आधी पडलं असेल तर तेही चौपट दाट होतं, म्हणून चांगल्या स्वयंपाकघरात मीठ शेवटी घालतात. पुढे तो सॉस संध्याकाळी सहापासून गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात राहतो आणि पाणी उडत जातं. साडेसातच्या टेबलाला बरोबर लागलेला सॉस साडेनऊच्या टेबलाला खारट लागतो. मधे कुणी चाखून चमचाभर गरम पाणी घातलं नाही तर. याचा उपाय पाच मिनिटांचा आहे. ‘सॉस खारट आहे, मटण ठेवा, सॉस बदलून द्या’ म्हणायचं.

पन्नास मिनिटांचंही तेच. मुंबईत शनिवारी बऱ्याच मोठ्या हॉटेलांत दोन पाळ्या बसवतात, एक साडेसातच्या सुमाराची आणि दुसरी साडेनऊची. दुसरी पाळी एकदम येते, अर्ध्या तासात सगळ्या टेबलांच्या ऑर्डरी स्वयंपाकघरात पडतात आणि तवा किंवा ग्रिल तुंबते. मेन कोर्स पंचवीस मिनिटांत आला नाही तर कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, बोलावून विचारायचं: ‘मेन कोर्सची केओटी गेली आहे का, आणि किती मिनिटं?’ केओटी म्हणजे स्वयंपाकघराला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी. बऱ्याचदा ती गेलेलीच नसते. स्टार्टरची शेवटची प्लेट उचलायची राहिली, म्हणून कॅप्टनने थांबवून ठेवलेली असते.

बोलायचं कसं, हे तुमचे यजमान म्हणतात त्या ‘गावंढळ’ भीतीसाठी सविस्तर सांगतो. ताट आलं की दोन घासांत ठरवायचं. अर्धं संपवून केलेली तक्रार कुणालाच पटत नाही, आणि ते रास्तही आहे. ताट आणून ठेवणाऱ्या मुलाला सांगू नका, त्याच्या हातात काही नसतं आणि उगाच तो कानकोंडा होतो. कॅप्टनला बोलवा. पदार्थ बदलून आणणं त्याच्या हातात असतं. बिलातून रक्कम काढणं सहसा मॅनेजरच्या. आवाज नेहमीचा ठेवा, आणि मत नको, दोष सांगा. ‘मजा नाही आली’ यावर तो फक्त ‘सॉरी’ म्हणू शकतो. ‘मासा मधे गार आहे, हात लावून बघा’ यावर त्याला हालचाल करावीच लागते. त्याच वाक्यात काय हवंय तेही सांगा, आणि किती वेळ लागेल ते विचारा. बाकीच्यांनी जेवण थांबवायचं नाही, नाहीतर पाचही ताटं गार होतात. असं बोलणारं गिऱ्हाईक त्या लोकांना आवडतं. त्यांना त्रास होतो तो गोड हसून निघून जाणाऱ्याचा आणि मध्यरात्री एक तारा देणाऱ्याचा.

कशाची तक्रार करू नये, तेही सांगायला हवं. पदार्थ आवडला नाही, तिखट कमी आहे, नेहमीच्या चवीसारखा नाही, यासाठी परत पाठवू नये. नग तीन होते हीसुद्धा तक्रार नव्हे, पण विचारायची गोष्ट नक्की. ‘प्लेटमध्ये किती नग? पाच करून द्या, तेवढे पैसे लावा.’ बहुतेक ठिकाणी करून देतात. आणि कॅप्टनने ‘माणशी तीन छोट्या प्लेट्स’ सुचवल्या तर पाच जणांनी पंधरा मागवू नयेत. आधी पाच-सहा, मग भूक बघून पुढच्या.

आता बिल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खाणं आणि पाणी मिळून १५,००० रुपये, मद्य २,०००, सर्व्हिस चार्ज १० टक्के म्हणजे १,७००, जीएसटी ८३५ आणि व्हॅट २००. जीएसटीचा दर ५ टक्केच लावलाय, तो बरोबर आहे. स्वतंत्र रेस्टॉरंटला तोच लागतो. दिवसाला ७,५०० रुपयांहून महाग खोल्या असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो. मद्यावर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. पण १५,००० वर ५ टक्के म्हणजे ७५० होतात. तुमच्याकडून ८३५ घेतले, कारण जीएसटी १६,७०० वर लावला, म्हणजे सर्व्हिस चार्जवरही कर घेतला.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही, सरकारकडे जात नाही आणि देणं ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावाने घेता येत नाही आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटीही आकारता येत नाही. हॉटेलांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्यांच्या याचिका फेटाळून सूचना कायम केल्या. संघटना त्यावर अपिलात गेल्या, म्हणून ‘प्रकरण कोर्टात आहे’ असं तुम्हाला ऐकवलं जाईल. नुसतं अपील केल्याने निकाल थांबत नाही. ‘मेनूकार्डावर छापलेलं होतं’ हेही उत्तर चालत नाही. तुमचा हक्काचा आकडा १,७०० नाही, त्यावरच्या ८५ रुपये जीएसटीसकट १,७८५ आहे.

टेबलावर असताना एवढंच म्हणायचं असतं: ‘सर्व्हिस चार्ज काढून बिल पुन्हा द्या.’ पैसे भरण्याआधी. सेवा चांगली असेल तर वाढणाऱ्याच्या हातात ५ ते १० टक्के रोख ठेवा. त्या मुलांनी नीट वाढलं असेल तर गार माशाची शिक्षा त्यांना नको. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त घेतले याची तक्रार मात्र टिकणार नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना ती मुभा दिली आहे. बसल्याबसल्या ‘साधं पाणी’ असं स्पष्ट सांगणं हाच उपाय.

तर पैसे मागता येतात का? सर्व्हिस चार्जचे नक्की, पदार्थांचे नम्रपणे मागून. मेसेजवर नको, ईमेल करा, रेस्टॉरंटच्या जनरल मॅनेजरच्या नावे, याच आठवड्यात, बिलाचा फोटो जोडून. पंधरा ओळींच्या वर जाऊ देऊ नका. मजकूर साधारण असा:

‘अमुक तारखेला रात्री ९.३० वाजता आम्ही पाच जण आपल्याकडे आलो होतो, बिल क्रमांक अमुक. रावस कडेने गरम, मधे गार होता. रिसोटोचा दाणा मधे कच्चा होता. मटणाचा सॉस खारट होता. स्टार्टरनंतर मेन कोर्सला ५० मिनिटं लागली. हे आम्ही त्याच वेळी सांगितलं नाही, हे मान्य आहे. तरी रावस आणि रिसोटो यांची रक्कम परत करण्याचा आपण विचार करावा. बिलात १,७०० रुपये सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ८५ रुपये जीएसटी आमच्या संमतीशिवाय लावला आहे, ते १,७८५ रुपये १५ दिवसांत परत करावेत. फुकट डेझर्ट नको.’

सांगितलं नव्हतं हे स्वतःहून लिहा. बाकीच्या वाक्यांना त्याने वजन येतं. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर सर्व्हिस चार्जसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं. तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. हेल्पलाइन ती हॉटेलकडे पाठवते. एवढ्यावरही झालं नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे मुंबई उपनगरच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत ई-जागृती पोर्टलवरून जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण गार माशासाठी आयोगाकडे जाऊ नका, ते सिद्ध करायला आता हातात काही उरलेलं नाही. कुणाला त्रास झाला असता, उलट्या-जुलाब, तर गोष्ट वेगळी होती. त्यात डॉक्टरांचा कागद त्याच दिवशीचा हवा आणि तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, बिलावरचा १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांक देऊन करायची.

राहिला निवडीचा प्रश्न. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ खोटे असतीलच असं नाही, पण ते तुमच्या जेवणाचे नव्हते. नवीन जागा उघडली की हॉटेल लोकांना बोलावतं. दुपारी, रिकाम्या हॉलमध्ये, शेफ स्वतः प्रत्येक प्लेट लावतो आणि बिल येत नाही. तो मासा पासवर थांबत नाही, तो सॉस साडेतीन तास गरम पाण्यात राहत नाही. फुकट जेवण किंवा मानधन घेतलं असेल तर ते ठळकपणे सांगावं, असं केंद्र सरकारने जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. तरी व्हिडिओखाली ते कुठेच नसेल, तर भाव, वाट पाहण्याचा वेळ आणि बिल यांपैकी काही त्यात आहे का बघा. स्वतःचे पैसे भरलेला माणूस यातलं एखादं तरी बोलतो. मिशेलिन ही फ्रेंच मार्गदर्शिका हॉटेलांना दर्जाचे तारे देते, पण ते भारतात दिलेच जात नाहीत, त्यामुळे ‘मिशेलिन दर्जाचं’ हे शब्द इथे जाहिरातीचे आहेत. परीक्षणं वाचताना पाच तारे सोडा. दोन-तीन ताऱ्यांची, गेल्या तीन महिन्यांतली, शनिवार-रविवारची वाचा. एकच दोष चार वेगवेगळ्या लोकांनी लिहिला असेल तर तो त्या स्वयंपाकघराचा आहे. एकट्याने लिहिला असेल तर त्या रात्रीचा.

आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर बुकिंग करताना पाठ टेकायची खुर्ची आणि स्पीकरपासून लांबचं टेबल मागून घ्या. उंच स्टुलावर पंचाहत्तरीचा माणूस दोन तास बसू शकत नाही.

सासऱ्यांची पंचाहत्तरी अशी राहून गेल्यासारखं वाटत असेल, तर पुन्हा करा, पण घाई नको. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा समुद्रात जातील आणि बाजारात ताजा रावस, पापलेट दिसू लागेल. कार्तिकी एकादशीला सासूबाईंचा चातुर्मास संपेल. त्यानंतरच्या एखाद्या बुधवारी किंवा गुरुवारी, संध्याकाळी साडेसातचं टेबल घ्या. दोन दिवस आधी फोन करून मासा कातडीसकट मिळेल का विचारा, आणि सासऱ्यांनाच म्हणावं, आधी मासा बघा, मग ऑर्डर द्या.